सर्वांच्या आवाक्यातील योग

योगाविषयी बोलू लागले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र उभे राहते. सडपातळ, लवचिक अंगाचा तरुण, पहाटेची वेळ, स्वच्छ अंथरलेली सतरंजी आणि पद्मासन. या चित्रात गुडघेदुखीमुळे जमिनीवर बसू न शकणारी आजी नसते. दिवसभर विटा वाहून थकलेला मजूर नसतो. चाकांच्या खुर्चीत बसणारी मुलगी नसते, की कोठडीत दिवस मोजणारा बंदी नसतो. शरीराला विसावा आणि मनाला धीर यांची गरज ज्यांना सर्वांत अधिक, नेमके तेच लोक 'हे आपल्यासाठी नव्हे' असे मानून दूर राहतात. त्यांच्यापर्यंत योग नेण्याचे काम आपल्या देशात व परदेशांतही अनेक स्वयंसेवकांनी हाती घेतले आहे. त्या कामाची रीत, त्यातील अडचणी आणि त्यातून मिळणारा बोध वाचकांपुढे ठेवावा, हा या लेखाचा हेतू आहे.

दूर राहणाऱ्या या लोकांची संख्या लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के खेड्यापाड्यांत राहत होत्या. साठ वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रीपुरुषांची संख्या त्या वेळी १० कोटींहून अधिक होती. योगाचे वर्ग मात्र बहुतेक शहरांत चालतात. पुष्कळदा त्यांसाठी शुल्क द्यावे लागते आणि जिनाही चढावा लागतो. जो जिना चढू शकत नाही, त्याच्यासाठी वर्गाचे दार उघडे असून बंदच!

घरोघर गेलेली विद्या

योगविद्या गुरुकुलांतून व मठांतून बाहेर आणून सामान्य संसारी माणसाला शिकविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत 'योग इन्स्टिट्यूट' स्थापन केली. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम सुरू केले आणि आसनांचा व प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांच्या साहाय्याने तपासण्याचा पायंडा घातला. पुढे त्यांनी डॉ. विनेकर यांच्या सहकार्याने लिहिलेला यौगिक उपचारांवरील ग्रंथ १९६३ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यामार्फत प्रसिद्ध झाला. नागपूरला जनार्दनस्वामींनी आणखी सोपी वाट धरली. कोणी आपल्याकडे येईल याची वाट न पाहता ते स्वतः घरोघर जात आणि कोणतेही शुल्क न घेता योगासने शिकवीत. त्यांच्या शिष्यांनी तीच परंपरा योगाभ्यासी मंडळाच्या रूपाने पुढे चालविली.

शिकविणारा दाराशी आला, पैशाची अडचण दूर झाली, तरीही एक प्रश्न उरतोच. ज्याचे शरीर वाकत नाही, त्याला शिकवावयाचे काय?

खुर्ची, भिंत आणि दोर

या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर पुण्यात तयार झाले. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातील बेल्लूर या खेड्यात, इन्फ्लुएंझाची साथ चालू असताना झाला. बालपणी त्यांना हिवताप, विषमज्वर व क्षय या रोगांनी पछाडले होते. १९३४ मध्ये मैसूरला आपले मेहुणे कृष्णम्माचार्य यांच्याकडे योगाभ्यासास आरंभ केला, तेव्हा त्यांचे शरीर दुर्बल व ताठर होते. १९३७ मध्ये ते शिक्षक म्हणून पुण्यास आले आणि पुणे हीच त्यांची कर्मभूमी ठरली. दुबळ्या शरीराचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणूनच कदाचित दुसऱ्याच्या शरीराची अडचण त्यांना चटकन उमगत असावी.

त्यांनी साधनांचा उपयोग सुरू केला. लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, घड्या घातलेली घोंगडी, भिंतीला बांधलेले दोर आणि पत्र्याची साधी घडीची खुर्ची ही ती साधने होत. यामागील विचार सरळ आहे. त्रिकोणासनात ज्याचा हात जमिनीला टेकत नाही, त्याने हाताखाली ठोकळा किंवा स्टूल घ्यावे. तोल जात असेल त्याने पाठ भिंतीला लावून उभे राहावे. मांडी घालता येत नसेल त्याने खुर्चीवर ताठ बसून, पाठीचा टेका धरून कण्यास हलका पीळ द्यावा. पाठ दुखत असेल त्याने जमिनीवर उताणे पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात. कमरेवरचा ताण तेवढ्यानेही हलका होतो. आसन स्थिर व सुखकारक असावे अशीच पतंजलींची अपेक्षा आहे. खुर्चीच्या आधाराने बसलेल्या आजींना ते स्थैर्य व ते सुख लाभत असेल, तर त्यांचे आसन उणे कसे म्हणावे?

१९७५ मध्ये पुण्यात उभारलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत आजारी व अपंग व्यक्तींसाठी स्वतंत्र वर्ग चालू लागले. अशा वर्गात एका रुग्णाभोवती पुष्कळदा दोघे-तिघे साहाय्यक असतात. कोणी पाय धरतो, कोणी मानेखाली घडी सरकवतो. अय्यंगार २०१४ मध्ये निवर्तले. परंतु त्यांची साधने आज जगभरच्या योगवर्गांत रूढ झाली आहेत. खेड्यातील स्वयंसेवकाला तर ती विकतही घ्यावी लागत नाहीत. विटेवर फडके गुंडाळले की ठोकळा झाला, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली की पट्टा झाला आणि धान्याच्या पोत्यात गवत भरले की लोड!

चाकांच्या खुर्चीतील शिक्षक

अय्यंगारांच्या पद्धतीचे एक हृदयस्पर्शी फळ अमेरिकेत पाहावयास मिळते. मॅथ्यू सॅनफर्ड हा मिनेसोटा राज्यातील मुलगा १९७८ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, मोटार-अपघातात सापडला. वडील व बहीण त्या अपघातात दगावली आणि छातीपासून खालचे त्याचे शरीर लुळे झाले. शरीराच्या त्या भागाचा विचारच सोडून द्यावा आणि दंड बळकट करावेत, अशी शिकवण त्याला उपचारांच्या काळात मिळाली. पुढे तरुणपणी एका अय्यंगार-पद्धतीच्या शिक्षिकेकडे तो योग शिकू लागला. पाय हलले नाहीत. पण आपले शरीर अखंड आहे, ही हरवलेली जाणीव परतली. नंतर सॅनफर्ड स्वतः शिक्षक झाले, अपंगांना योग शिकवू लागले आणि अशा वर्गांसाठी शिक्षकही तयार करू लागले. २००६ मध्ये त्यांनी आपली कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. अपंगाला केवळ विद्यार्थी मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे. योग्य संधी मिळाली तर तोच उत्तम शिक्षक ठरू शकतो.

तुरुंगाच्या भिंतीआड

शरीर धडधाकट असूनही ज्यांच्यापर्यंत कोणी पोचत नाही, असा आणखी एक वर्ग म्हणजे बंदी. इंग्लंडमध्ये १९८८ साली ॲन वेदरॉल या बाईंनी ऑक्सफर्ड येथे 'प्रिझन फिनिक्स ट्रस्ट' ही संस्था स्थापन केली. कोठडीची अरुंद जागा व तेथील एकांत यांचाच उपयोग योग व ध्यान यांसाठी करता येईल, ही तिच्यामागील कल्पना होती. संस्थेने बंद्यांशी पत्रव्यवहार ठेवला, त्यांना पुस्तके विनामूल्य पाठविली आणि तुरुंगांत वर्ग घेणारे शिक्षक मिळवून दिले. पत्राला उत्तर येते, आपले नाव घेऊन कोणी विचारपूस करते, याचे मोल बाहेरच्या माणसास सहसा कळावयाचे नाही.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इंग्लंडमधील सात तुरुंगांत दहा आठवड्यांच्या योगवर्गांचा अभ्यास करून २०१३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्गात भाग घेतलेल्या बंद्यांची मनःस्थिती सुधारल्याचे, ताण कमी झाल्याचे आणि उतावळेपणा आवरण्याच्या चाचणीत ते इतरांपेक्षा सरस ठरल्याचे त्यांना आढळले. यावरून तुरुंगातून सुटल्यावर माणूस पुन्हा गुन्हा करणारच नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही.

नैरोबीचा धडा

बाहेरून येणारा स्वयंसेवक कितीही तळमळीचा असला तरी तो एक दिवस परत जातो. मग वर्गाचे काय होते? या प्रश्नाचा विचार केनियाच्या राजधानीत झाला. नैरोबी येथे २००७ मध्ये 'आफ्रिका योगा प्रोजेक्ट' हे काम सुरू झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की, झोपडवस्त्यांतील तरुण-तरुणींनाच शिक्षणाचे रीतसर धडे देऊन शिक्षक बनविण्यात आले. हे तरुण आपापल्या वस्तीत, शाळांत व तुरुंगांत विनामूल्य वर्ग घेऊ लागले. त्यांना त्यासाठी मानधनही मिळू लागले.

मानधनाची ही गोष्ट महत्त्वाची आहे. सुस्थितीतील माणूस फावल्या वेळात सेवा करू शकतो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याच्याकडून फुकट सेवेची अपेक्षा धरणे न्यायाचे नव्हे. वस्तीतलाच शिक्षक वस्तीची भाषा बोलतो. पाणी केव्हा येते, पाळी केव्हा बदलते, बायकांना दुपारी किती वाजता उसंत मिळते, हे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून त्याचा वर्ग टिकतो.

स्वयंसेवकाची पथ्ये

आमच्या वाचकांपैकी ज्यांना योग येतो व ज्यांना असे काम करण्याची इच्छा आहे, त्यांनी काही पथ्ये पाळावीत.

पहिले पथ्य असे की, शिकविण्यापूर्वी विचारावे. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांची चौकशी केल्याविना कोणासही आसन सांगू नये. रक्तदाब असणाऱ्यास किंवा काचबिंदूच्या रुग्णास डोके खाली व पाय वर अशी आसने देऊ नयेत आणि नवशिक्यास श्वास कोंडून धरावयास लावू नये. खुर्ची भक्कम असावी व तिचे पाय घसरू नयेत. चाकांच्या खुर्चीचे चाक आधी अडकवावे.

दुसरे, परवानगीविना अंगाला हात लावू नये. अंध विद्यार्थ्यास प्रथम सतरंजीची कड हाताने चाचपू द्यावी आणि कोणता हात, कोणत्या दिशेस, किती उंच हे स्पष्ट शब्दांत सांगावे. 'असे करा' म्हणून भागत नाही. बहिऱ्या विद्यार्थ्यांसमोर उजेडात, आपला चेहरा दिसेल असे उभे राहावे. त्यांना डोळे मिटावयास सांगण्यापूर्वी, डोळे उघडण्याची खूण आधीच ठरवून घ्यावी.

तिसरे, समोरच्या माणसाचा दिवस ओळखावा. ऊसतोड किंवा बांधकाम करून आलेल्या मजुरास आणखी घाम गाळावयास लावण्यात अर्थ नाही. त्याला पाठ मोकळी करणाऱ्या दोन-चार हालचाली, संथ श्वास आणि दहा मिनिटांचे शवासन पुरे. त्याच्यासाठी विशिष्ट पोशाखाची किंवा एखाद्या धर्माच्या प्रार्थनेची अट घालू नये.

चौथे पथ्य सर्वांत मोठे आहे. चमत्काराचे आश्वासन देऊ नये आणि चालू औषध कधीही बंद करावयास सांगू नये. जुनाट कंबरदुखीवरील १२ चाचण्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संशोधनसंस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांच्या हालचालींत थोडी ते मध्यम सुधारणा झाल्याचे तीत दिसले. परंतु काहींची पाठदुखी वाढल्याचेही त्यात नमूद आहे. एवढा लाभही लाखो लोकांच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्याला अतिशयोक्तीची जोड दिली की मग खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. उपाशी माणसाला अन्न लागते आणि रोग्याला वैद्य लागतो. योग या दोघांची जागा घेऊ शकत नाही, हे स्वयंसेवकाने कधीही विसरू नये.

एका दिवसापुरते नव्हे

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी संमत केलेल्या, १७७ देशांनी पुरस्कारलेल्या ठरावानुसार २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो. २०१८ पासून देशभर उघडलेल्या आरोग्य केंद्रांत, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, योगाच्या वर्गांनाही स्थान देण्यात आले आहे. या योजनांमुळे जागा मिळाली, निमित्तही मिळाले. मैदानात हजारो लोक एका वेळी हात उंच करतात, ते दृश्य खरोखर प्रेक्षणीय असते. परंतु वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईंच्या लेखी २२ जूनची सकाळ अधिक महत्त्वाची असते. त्या दिवशी शिकविणारा पुन्हा येतो की नाही, एवढेच त्या पाहतात.

प्रत्येक गावात शाळेचा व्हरांडा आहे, देवळाचा किंवा समाजमंदिराचा मंडप आहे, चार भक्कम खुर्च्या आहेत. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, न चुकता येणारी एक व्यक्ती तेवढी हवी आहे. ती आपल्या वाचकांच्या कुटुंबांतूनच पुढे येवो.