पक्षिसूची, वार्षिक

पक्षिसूची, वार्षिक : १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात पक्षिनिरीक्षकाला निसर्गात आढळलेल्या पक्ष्यांच्या जातींची कालक्रमाने केलेली नोंद. नव्या वर्षी ही सूची पुन्हा आरंभापासून सुरू होत असल्याने परिचित जातींकडेही दरवर्षी नव्याने लक्ष जाते. पिंजऱ्यातील पक्षी तीत धरत नाहीत. आवाजावरून खात्रीने ओळखलेले पक्षी बहुधा धरतात. काही निरीक्षक त्याच वहीत सस्तन प्राणी, फुलपाखरे इत्यादींच्याही नोंदी ठेवतात.

उत्तर अमेरिकेत अशा सूचीची समृद्धी बव्हंशी वसंत ऋतूतील स्थलांतरावर अवलंबून असते. मध्य व दक्षिण अमेरिकेत हिवाळा घालविलेले वॉर्बलर, टॅनेजर इ. पक्षी एप्रिल-मेमध्ये विणीसाठी उत्तरेकडे जातात. हा प्रवास मुख्यत्वे रात्री होतो. अनेक पक्षी मेक्सिकोचे आखात न थांबता ओलांडतात. वाटेत पाऊस किंवा उत्तरेचा वारा लागल्यास थकलेले पक्षी किनाऱ्यावरील झाडीत मोठ्या संख्येने उतरतात. पुढे ईअरी सरोवराच्या दक्षिण तीरावरील मॅगी मार्श येथे सरोवर ओलांडण्यापूर्वी, तर उत्तर तीरावरील पॉइंट पीली येथे ते ओलांडल्यावर पक्षी विसावतात. या वेळी नर विणीच्या पिसाऱ्यात असतात व गातात. शरद ऋतूत पुष्कळ जातींचे रंग फिके पडतात आणि काहींचा मार्गही वेगळा असतो. म्हणून मेमध्ये हुकलेली जात पुष्कळदा वर्षभरासाठी हुकते.

इतिहास : इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंतागमाच्या खुणा, त्यांत पाकोळी, कोकिळा इत्यादींच्या आगमनाच्या तारखा, नोंदविण्यास प्रारंभ केला, त्यांच्या कुटुंबाने हे काम १९५८ पर्यंत चालविले. अमेरिकेत वेल्स कुक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या योजनेत १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कार्डे जमली. दुसरीकडे सर्वाधिक जाती पाहण्याची चुरस वाढली. रॉजर टोरी पीटरसन यांची १९५३ ची सूची ५७२ जातींची होती. १९७३ मध्ये फ्लॉइड मर्डॉक यांनी ६६९, तर केन कॉफमन यांनी ६६६ जाती नोंदविल्या.

महत्त्व : केवळ एकूण आकड्यावरून पक्ष्यांच्या स्थितीविषयी फारसे कळत नाही. तारीख, स्थळ, निरीक्षणाचा कालावधी, पक्ष्यांची संख्या व हवामान यांची जोड मिळाली, तरच सूची पुराव्याच्या योग्यतेची ठरते. प्रथमदर्शनाची तारीखही जपून वापरावी लागते. कारण निरीक्षक वाढले की एखादा लवकर आलेला पक्षी दिसण्याचा संभव वाढतो. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या संगणकीय नोंदसंग्रहात त्यामुळे प्रत्येक फेरीत आढळलेल्या सर्व जाती नोंदविण्यावर भर असतो. अशा नोंदींची निकड नेदर्लंड्समधील पाइड फ्लायकॅचर या पक्ष्याच्या उदाहरणावरून दिसते. तापमानवाढीमुळे अळ्यांचा सुकाळ लवकर येऊ लागला. पक्षी मात्र त्या मानाने उशिरा पोहोचले. जेथे हा सुकाळ लवकर येतो, तेथे त्यांची संख्या दोन दशकांत सुमारे ९०% घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

महाराष्ट्रात वसंत ऋतू हा मुख्यत्वे हिवाळी पाहुण्यांच्या परतीचा काळ होय. पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर दिसणारी पळसमैना (भोरडी), तसेच धोबी व थिरथिरा यांचे स्थलांतरी थवे वा पक्षी या सुमारास उत्तरेकडे जातात. पक्षी आल्याचा दिवस त्याच दिवशी कळतो. तो गेल्याचा दिवस मात्र नंतरच्या फेऱ्यांत तो न दिसल्यावरच ठरविता येतो. यासाठी एकाच जागी नियमित जाऊन पक्षी न आढळल्याची नोंदही सूचीत करणे आवश्यक असते. अशी सूची लहान असली, तरी अनेक वर्षांच्या सातत्यामुळे तिचे शास्त्रीय मोल वाढते.