धातु, समाधि आणि अवशेष : सोपारें-वसईच्या टापूंतील एका धर्माचाराचा अर्थ

सोपारें येथें अशोकाच्या शिलाशासनांचे जे दोन तुकडे उजेडांत आले, त्या दोहोंचाहि विषय तत्त्वज्ञान नसून आचार हा आहे, ही गोष्ट आम्हांस ध्यानांत घेण्याजोगी वाटते. इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस मिळालेला तुकडा आठव्या शासनाचा होय. राजानें विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्या, असें त्या शासनांत सांगितलें आहे. इ. स. १९५६ मध्यें जवळच भुईगांव येथें सांपडलेला तुकडा नवव्या शासनाचा. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगीं लोक जीं मंगलकृत्यें करितात, त्यांचा त्या शासनांत विचार आहे. परधर्म आपणांस प्रथम दिसतो तो अशा यात्रांतून व कृत्यांतूनच, आणि त्याविषयीं विपरीत ग्रह होतो तोहि बहुधा येथेंच.

प्रस्तुत लेखांत आम्ही असा एकच आचार विवेचनास घेतला आहे : सत्पुरुषाच्या देहाचा अथवा त्याच्या वापरांतील वस्तूचा अवशेष जतन करून त्यास वंदन करणें. सोपारें, निर्मळ, गास व वसई हीं गांवें पायीं चालून एका दिवसांत पाहून होतात. पण तेवढ्या टापूंत या आचाराचीं बौद्ध, हिंदु व ख्रिस्ती अशीं तीन रूपें आढळतात. बाहेरून तीं सारखीं दिसतात. अंतरांतील कल्पना मात्र तिहींची निरनिराळी आहे.

सोपाऱ्याचा स्तूप स्थानिक लोकांत 'बुरूड राजाचा कोट' या नांवानें ओळखला जात असे. भगवानलालांनीं तो १८८२ त उघडला, तेव्हां आंत विटांच्या कोठडींत एक मोठा दगडी करंडा मिळाला. त्यांत तांब्याचा करंडा, त्याच्या आंत रुप्याचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा व शेवटीं सोन्याचा, अशी एकांत एक रचना होती. सोन्याच्या करंड्यांत सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. तांब्याच्या करंड्याभोंवतीं आठ मूर्ति बसविलेल्या होत्या. त्या सात बुद्धांच्या व भावी बुद्ध मैत्रेय याची एक अशा ओळखल्या गेल्या. यज्ञश्री सातकर्णीचें एक रुप्याचें नाणेंहि मिळालें. नाणें दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें, मूर्ति मात्र कित्येक शतकें मागाहूनच्या मानल्या जातात. तेव्हां स्तूप मध्यंतरीं उघडून पुन्हां बंद केला असावा, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

सोन्याच्या पेटींत मातीचीं खापरें कां ठेवावीं? भगवानलालांनीं तीं बुद्धाच्या भिक्षापात्राचीं मानिलीं, आणि बौद्ध परिभाषा पाहतां हें सुसंगत आहे. मराठींत 'धातु' म्हटलें कीं लोखंड-तांबें किंवा व्याकरणांतील क्रियेचें मूळ डोळ्यांपुढें येतें. बौद्धांच्या भाषेंत या शब्दाचा एक अर्थ 'पूज्य अवशेष' असा आहे. अशा पूज्य वस्तु तीन प्रकारच्या : देहाचा अंश तो शारीरिक, बुद्धानें उपभोगिलेली वस्तु ती पारिभोगिक, व केवळ त्याच्या स्मरणार्थ केलेली ती उद्देशिक. खापरें दुसऱ्या वर्गांत येतात. स्थविरवादाप्रमाणें परिनिर्वाण पावलेला बुद्ध कोणाचें गाऱ्हाणें ऐकत नाहीं व वरहि देत नाहीं. वंदनानें वंदन करणाराचेंच चित्त प्रसन्न होतें, व त्याला पुण्य लाभतें. सामान्य उपासक मागणें मागतच नसेल, असें आमचें म्हणणें नाहीं. शास्त्राची भूमिका तेवढी ही आहे.

निर्मळ येथें शंकराचार्यांची समाधि म्हणून पूजिलें जाणारें स्थान आहे व तेथें कार्तिक वद्य एकादशीस यात्रा भरते. हिंदु आचारांत प्रेत अशुचि. अस्थि घरांत न ठेवितां तीर्थांत विसर्जन करावयाच्या. मग संन्याशाचा देह पुरून त्यावर पादुका कशा स्थापन होतात? संन्यास घेतांना त्यानें स्वतःचें श्राद्ध स्वतःच केलेलें असतें व अग्नीचा त्याग केलेला असतो. म्हणून त्यास दहन नाहीं, आणि त्याच्या देहास सामान्य प्रेताचा विटाळहि नाहीं. समाधींतला पुरुष गेला असें भक्त मानीतच नाहीं. आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधीस 'संजीवन' म्हणतात तें याच भावनेनें. बौद्धाचा बुद्ध परिनिर्वाणानें संसारांतून निघून गेलेला आहे. समाधिस्थ पुरुष मात्र तेथेंच बसलेला आहे. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

ख्रिस्ती बाजूस वसईचा मोठा पुरुष म्हणजे गोन्सालो गार्सिया. तो सोळाव्या शतकांत वसईस जन्मला, फ्रान्सिस्कन संघांत शिरला, व ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. इ. स. १८६२ मध्यें पोप नववे पायस यांनीं त्यास संतपद दिलें. गास येथें त्याच्या नांवाचें चर्च आहे. वधाच्या वेळीं जमलेल्या श्रद्धाळूंनीं हुतात्म्यांच्या रक्तांत वस्त्रें भिजवून घेतलीं. कॅथलिक परंपरा अवशेषांचे वर्ग करिते तेहि तीनच : देहाचा अंश, वापरांतील वस्तु, व अवशेषास स्पर्श करविलेली वस्तु. पहिले दोन बौद्ध वर्गांशीं तंतोतंत जुळतात. कारण मात्र दुसरें आहे. अंतिम दिवशीं हाच देह पुन्हां उठणार, अशी ख्रिस्ती श्रद्धा असल्यामुळें देह टाकाऊ नव्हे. आणि संत हा ईश्वरापाशीं भक्तासाठीं रदबदली करणारा आहे. आराधना ईश्वराची, संताच्या अवशेषास केवळ आदर, हा भेद इ. स. ७८७ च्या निकेयाच्या दुसऱ्या परिषदेनें स्पष्ट केला. प्रॉटेस्टंटांनीं पुढें हा आचारच नाकारिला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह गोव्यास आहे व १६१४ मध्यें त्यांचा उजवा हात रोमसाठीं वेगळा केला गेला, हें ऐकून हिंदु वाचक दचकतो. अस्थि विसर्जनासाठींच असतात या संस्काराचा तो परिणाम.

दचकण्यावरच गोष्ट थांबते असें नाहीं. झेवियरांचा देह १५५४ त गोव्यास आला. त्यानंतर सहा वर्षांनीं व्हाइसरॉय दों कॉन्स्तांतीनो द ब्रागांझा यानें जाफन्यावर स्वारी केली, तेव्हां बुद्धाचा म्हणून मानलेला दांत त्याच्या हातीं लागला. पेगूच्या राजानें त्यासाठीं मोठी रक्कम देऊं केली. तथापि गोव्याच्या आर्चबिशपानें तो खलांत कुटून, जाळून, राख नदींत टाकविली. त्या काळच्या युरोपीय वृत्तांतांत तो दांत वानराचा म्हणूनहि उल्लेखिलेला आढळतो. खरा दांत वांचला व तो कँडींत आहे, असें सिंहलद्वीपाचे बौद्ध मानितात. आपल्या संताचा देह जपणाऱ्या त्या धर्माधिकाऱ्यांस समोरच्याचा आचार मुळींच अपरिचित नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्याच आचारासारखा होता, पण त्यांनीं त्यास 'मूर्तिपूजा' हें एकच नांव दिलें, आणि तेवढ्यानें विचार संपला. अज्ञानापेक्षां अशी अर्धवट ओळखच अधिक घातक ठरते, असें आमचें मत आहे.

इतर धर्मांचा थोडक्यांत निर्देश करितों. मुसलमानांच्या दर्ग्यांत, उदाहरणार्थ माहीमच्या मखदूम अली माहिमी यांच्या, जो उरूस होतो त्या शब्दाचा अर्थ विवाहोत्सव असा आहे. संताचा मृत्यु म्हणजे त्याचें ईश्वराशीं मीलन. वली हा माध्यम होय असें कांहीं मानितात, तर कांहीं मुसलमानच हा आचार एकेश्वरनिष्ठेस बाधक समजतात. पारशांत अवशेषपूजेस मुळींच जागा नाहीं, कारण प्रेत हें त्यांच्या मतें अपवित्रतेचें घर. सूक्ष्म जतन करावयाचें तें अग्नीचें. संजाण पडल्यावर त्यांनीं इराणशाह अग्नि डहाणूकडील बाहरोटच्या डोंगरांत लपविला. १७४२ पासून तो उदवाड्यास आहे. अलिबागेजवळच्या खंडाळें गांवीं बेने इस्राएल लोक एलिया प्रेषिताच्या रथाच्या खुणा असलेल्या खडकास मान देतात. एलिया जिवंतपणींच स्वर्गीं गेला असें शास्त्र सांगतें, म्हणून तेथें देह नाहीं. आहे ती केवळ खूण.

या सर्वांस मराठींत आपण सरसहा 'पूजा' हाच शब्द लावितों. वंदन, आदर, आराधना, सान्निध्य हे शब्द हाताशीं असतां संशोधकांनीं तरी हा घोळ करूं नये.

सोपाऱ्याचे करंडे मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत गेले. बुद्धपौर्णिमेस स्तूपापाशीं उपासक जमतात. ज्या गाभ्यासमोर ते हात जोडतात, तो १८८२ पासून रिकामा आहे. भिक्षापात्राचीं खापरें गेल्यावर तो स्तूप पारिभोगिक राहिला नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें तो आतां उद्देशिक वर्गांत गणावा.