परिसर अभ्यास : धडा पुस्तकात, उत्तर गावात

तिसरी-चौथीच्या मुलांना इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र नेमके किती आणि कशासाठी शिकवावे, हा प्रश्न अभ्यासक्रम बदलला, की दर वेळी नव्याने उपस्थित होतो. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तिसरी ते पाचवीसाठी 'आपल्या सभोवतालचे जग' असा एकत्रित विषय सुचविल्याने ही चर्चा पुन्हा सुरू झाली. सभोवतालचे जग म्हणजे काय, याचे उत्तर शोधण्यासाठी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. पहिली-दुसरीत स्वतंत्र सामाजिक शास्त्र नाही. तिसरीपासून 'परिसर अभ्यास' सुरू होतो. तिसरीचे पुस्तक जिल्हानिहाय काढण्याची 'बालभारती'ची परंपरा आहे. त्यामागील सूत्र साधे आहे : मुलाने घर, शाळा, गाव, तालुका, जिल्हा अशा वाढत्या वर्तुळांतून राज्य, देश आणि जगापर्यंत जावे.

या सूत्रावर आक्षेपही आहेत. अमेरिकेतील शिक्षणाच्या इतिहासकार डायन रॅविच यांनी १९८० च्या दशकात त्यावर कठोर टीका केली. टपालवाला आणि भाजीवाला मुलाला ठाऊकच असतात. त्यांच्यावरील धड्यांपायी थोरामोठ्यांच्या रोमहर्षक कथा वर्गाबाहेर गेल्या, असा त्यांचा मुद्दा होता. लहान मूल दूरच्या काळात आणि दूरच्या देशात गोष्टीचे बोट धरून सहज जाते. महाराष्ट्राने हा तोल आपल्या परीने साधला. १९७० पासून चौथीच्या मुलांच्या हाती शिवचरित्र आहे. अनेक पिढ्यांची इतिहासाशी पहिली ओळख त्यातूनच झाली.

पाटणची खुली पाठशाळा

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते, पाटणवरून कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते. धरणात अडविलेले तिचे बरेचसे पाणी मात्र बोगद्यांतून पश्चिमेकडे पोफळीला उतरते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळते. एकाच नदीचे पाणी दोन समुद्रांकडे का जाते, हा प्रश्न फळ्यावर लिहिला, की दिशा, उतार, नकाशा आणि वीज हे चारही धडे त्यातूनच उलगडतात.

इतिहासही असाच हाताशी आहे. पाटणजवळ दातेगड, चाफळला समर्थ रामदासांनी उभारलेले राममंदिर. शिवचरित्र वाचणाऱ्या मुलाने गडावरचे पाण्याचे टाके पाहिले, तर गडावर माणसे राहत कशी, हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडतो. पुरावा पाहून अनुमान काढणे, ही इतिहासाची पहिली पायरी होय.

धरणाची दुसरी बाजूही येथेच आहे. शिवसागर जलाशयाखाली अनेक गावे गेली आणि तेथील कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत वसविली गेली. 'महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी' हा गौरव शिकताना ती कोणाच्या जमिनीवर उभी राहिली, हेही मुलांना सोप्या शब्दांत सांगायला हवे. हक्क आणि न्याय या शब्दांचा अर्थ व्याख्येपेक्षा अशा प्रसंगातून लवकर कळतो. याच तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडी कामगार संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मुंबईला कामासाठी गेलेले वडील किंवा काका, हा या मुलांच्या नागरिकशास्त्राचा भाग आहे, तसाच तो मुंबईतील मुलांच्याही.

जिवाशी गाठ असलेला विषय

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून बळी गेले. अशा प्रदेशात डोंगराला पडलेली भेग ओळखणे, सुरक्षित जागा ठाऊक असणे, ही केवळ परीक्षेपुरती माहिती राहत नाही.

मग प्राथमिक वर्गांत शिकावे काय? आपल्या वाडीचा नकाशा काढणे, आजोबांच्या काळापासूनची कालरेषा मांडणे, नळाचे पाणी कोठून येते आणि ते न आल्यास कोणाकडे जायचे, हे जाणणे, ग्रामसभा पाहणे, आपल्याहून वेगळी भाषा, अन्न आणि सण असलेल्यांविषयी कुतूहल बाळगणे. सनावळ्या आणि पदांची नावे नंतरही पाठ करता येतात.

अडचण वेळेची आहे. वाचन आणि गणिताच्या चाचण्यांवर भर वाढला, की परिसर अभ्यासाचा तास सर्वप्रथम आक्रसतो. वास्तविक वाचायला काही अर्थपूर्ण आणि मोजायला काही खरे हाच विषय पुरवितो. गावातील पर्जन्यमान मोजणे हे गणितच आहे आणि आजीकडून ऐकलेली भूकंपाची हकिगत लिहून काढणे ही भाषाच. शहरातील शाळांनाही हाच नियम लागू आहे : आपल्या घरातील दिवा कोणत्या नदीच्या पाण्यावर उजळतो, हे मुंबई-पुण्यातील चौथीच्या मुलाला सांगता आले, तर त्याचे सामाजिक शास्त्र योग्य मार्गावर आहे, असे म्हणता येईल.