लघुग्रह ‘आशिया’ : एका शोधाची हकीकत

1861 सालच्या प्रारंभी आगगाडीचा मार्ग आसनगावाहून खर्डीच्या शिवारातून कसाऱ्यापर्यंत खुला झाला. आणि त्याच वर्षी, एप्रिलच्या 17 तारखेस, मद्रासच्या वेधशाळेत नुकतेच सरकारी ज्योतिर्विद म्हणून रुजू झालेले नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन यांना, मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील पट्ट्यात फिरणारा एक अज्ञात लघुग्रह आढळला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचे नाव ‘आशिया’ ठेवण्यात आले आणि लघुग्रहांच्या दफ्तरात त्याची 67वी नोंद झाली.

त्या काळी लघुग्रहांच्या शोधात छायाचित्रणाचा प्रवेश झाला नव्हता, आणि लघुग्रह तर दुर्बिणीतूनही ताऱ्यासारखाच बिंदुमात्र दिसतो. त्यामुळे आकाशाच्या एखाद्या लहानशा भागाचा नकाशा पुढे ठेवून दुर्बिणीतील दृश्य त्याच्याशी ताडून पाहावे, नकाशात नसलेला बिंदू आढळल्यास शेजारच्या ताऱ्यांपासूनचे त्याचे अंतर मोजून ठेवावे, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या रात्री तो जागचा हलला आहे काय याची खातरजमा करावी, हाच मार्ग वेधकर्त्याला मोकळा होता. पाड्यातील उंबरा न् उंबरा ज्याला ठाऊक, त्यालाच परका माणूस तत्काळ ओळखू येतो. पॉग्सन यांची दृष्टी या कामी आधीच कसलेली होती. ऑक्सफर्डला असताना त्यांनी तीन लघुग्रह शोधले होते, आणि तेजस्वितेच्या पाच प्रतींच्या अंतराने ताऱ्यांच्या तेजात शंभरपट फरक पडतो, हे आजही प्रमाण मानले जाणारे मापही त्यांनीच 1856 साली सुचविले होते.

‘आशिया’चा व्यास सुमारे 60 किलोमीटर, म्हणजे खर्डी ते कल्याण या लोहमार्गाच्या लांबीहून किंचित अधिक. सिलिकायुक्त खडकांचा हा पिंड सुमारे 16 तासांत स्वतःभोवती, तर पावणेचार वर्षांत सूर्याभोवती फिरतो. सूर्यापासूनचे त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे 2.4 पट आहे.

मद्रासहून पॉग्सन यांनी पुढे सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि 1885 साली व्हेरा हे लघुग्रह शोधले. पैकी सिल्व्हियाला दोन चंद्र असल्याचे एकविसाव्या शतकात उघड झाले. व्हेरानंतर मात्र भारतभूमीवरून नवा लघुग्रह सापडण्यास 1988 साल उजाडावे लागले, जेव्हा कावलूर येथून ‘रामानुजन’चा शोध लागला. हा दीर्घ खंड एकच गोष्ट शिकवितो : शोधाचा क्षण भाग्याचा असेल, परंतु ज्ञात आकाशाची चोख नोंद ठेवणारी माणसे आणि त्यांना पोसणारी वेधशाळा नसेल, तर त्या भाग्याला वावच राहत नाही. म्हणून शहापूर-मुरबाडच्या ज्या विद्यार्थ्याला नवे काही शोधावयाचे असेल, त्याने प्रथम जुन्या ताऱ्यांशी दृढ परिचय करून घ्यावा.