मराठी घेऊन पुढे काय?

आमच्या कुही तालुक्यात, वैनगंगेच्या काठी आंभोरा आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ येथेच रचला, असे इकडची परंपरा सांगते. अंबेजोगाईकरही तोच मान मागतात. तो वाद पंडितांनी निवडावा. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ सांगतात, ज्ञानेश्वरीच्या आधी १०२ वर्षे! त्या काळी मानमरातब संस्कृताला होता; पण तहानलेले श्रोते मराठी होते. मुकुंदराजांनी वेदान्त त्यांच्या बोलीत सांगितला. ज्यांना आपली गरज आहे त्यांच्याकडे तोंड करून बसणे, यालाच मी जीवितकार्य म्हणतो.

मराठीने पोट भरेल का, असे माझे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पोटाची सोय अवश्य पाहावी. पण आपली वाट पाहत कोण बसले आहे, तेही पाहावे.