संत्र्याच्या आळ्यापासून ऊर्ध्व वर्धेपर्यंत

नरखेड तालुक्यातील शिवारांचे पाणी नाल्या-ओढ्यांतून जाम आणि वर्धा या नद्यांकडे जाते. जलालखेड्याजवळ जाम वर्धेला मिळते. पुढे मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे वर्धेचे पाणी ऊर्ध्व वर्धा धरणात साठते आणि अमरावती शहराची तहान त्यावरच भागते. त्यामुळे नरखेडच्या संत्राबागेत युरिया किती पडला, हा प्रश्न एकट्या बागायतदाराचा राहत नाही.

युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो. जमिनीत त्याचे आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होते. काळ्या मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात. नायट्रेट मात्र त्यांना चिकटत नाही. आळ्यात युरिया फेकून पाटाने भरपूर पाणी सोडले, किंवा त्यावर जोराचा पाऊस पडला, की झाडाने न उचललेले नायट्रेट मुळांखाली उतरून विहिरीत जाते. स्फुरदाची वाट वेगळी. ते मातीला धरून राहते आणि धुपेबरोबर वाहत जाऊन तलावात शेवाळ माजवते.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. त्याहून जास्त झाले तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटची समस्या सर्वात तीव्र असलेल्या देशातील १५ जिल्ह्यांपैकी ७ महाराष्ट्रातील आहेत. नदीपलीकडचा अमरावती आणि खालच्या अंगाचा वर्धा हे दोन्ही त्यांत येतात. सांडपाणी आणि उकिरडे यांचाही त्यात वाटा असतो, सगळा दोष खताचा नव्हे.

१९७४ चा जलप्रदूषण कायदा कारखान्याच्या किंवा नगरपालिकेच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी पकडतो. शेताला अशी नळी नसते. युरोपीय समुदायाने १९९१ साली नायट्रेटबाबत निर्देश काढून संवेदनशील क्षेत्रांत शेणखताच्या नत्रावर हेक्टरी वर्षाला १७० किलोची मर्यादा घातली. भारतात शेतकऱ्याकडे जाण्याचा सरकारी रस्ता बहुतांशी अनुदानाचाच राहिला.

नरखेडसाठी त्यातले सर्वात मोलाचे अनुदान ठिबकचे. केंद्राचे ५५ किंवा ४५ टक्के आणि राज्याचे पूरक अनुदान मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८०, तर इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत मदत ठरली. ठिबकच्या पाण्यात खत ओढून सोडणाऱ्या व्हेंचुरी या उपकरणातून विद्राव्य खत थोडे थोडे, थेट मुळांच्या पट्ट्यात जाते. झाड उचलेल तेवढेच देता येते. मात्र ठिबक बसवूनही युरिया हाताने आळ्यात टाकला तर पाणी वाचते, नायट्रेट थांबत नाही. म्हणून संचाइतकेच खत देण्याचे वेळापत्रकही शेतकऱ्याच्या हाती पडायला हवे.

२०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देऊन येतो. त्याने नायट्रेट बनण्याचा वेग मंदावतो. त्याच वर्षी माती तपासून खताची मात्रा सुचवणारी मृदा आरोग्य पत्रिका आली. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावात साचलेला गाळ शेतात परत नेला जातो. या गाळात शेतातून वाहून आलेली माती आणि तिला चिकटलेले स्फुरद असते, त्यामुळे ही योजना तलाव आणि शेत दोघांचेही भले करते. तरी बांधबंदिस्ती नसेल, तर पुढच्या पावसाळ्यात तीच माती पुन्हा नाल्याची वाट धरते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला २,४८१ कोटी रुपयांची तरतूद आहे. २०२३ च्या ‘पीएम-प्रणाम’ योजनेनुसार रासायनिक खतांचा वापर घटवणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग मिळतो. दुसरीकडे युरियाची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांनाच मिळते. इतके स्वस्त खत टाकताना हात आखडता घ्या, हे नुसत्या पत्रिकेने पटणे कठीण आहे.

या योजनांचे यश हेक्टर, ठिबकचे संच, शेतकऱ्यांचे गट आणि गोणी यांत मोजले जाते. वर्धेचे पाणी सुधारायचे तर अनुदान मिळालेल्या गावांतील विहिरी आणि नाले यांच्या पाण्यातील नायट्रेट पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासून ते आकडे त्याच योजनेच्या नोंदीत घेतले पाहिजेत. विहिरींचे नमुने तपासणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात पूर्वीपासूनच आहे.