गाठायचंय? मग ब्रेक मारा!

बेळगावहून निपाणीकडे जाताना तवंदी घाटात पुढचा ट्रक गाठायचा, तर आपण ॲक्सिलरेटर दाबतो. अंतराळात उलटंच. वेग वाढवला की यान वरच्या, मोठ्या कक्षेत जातं आणि मागे पडतं. गाठायचं तर वेग किंचित कमी करून खालच्या कक्षेत उतरायचं. तिथली फेरी लवकर संपते. १९६५ मध्ये जेमिनी-४ चे जेम्स मॅकडिविट रॉकेटच्या सुट्या भागाकडे सरळ निघाले. बरंच इंधन जळलं, तो भाग काही हाती लागला नाही.

आपल्या इस्रोने हे गणित ‘स्पेडेक्स’मध्ये सोडवलं. ३० डिसेंबर २०२४ ला सुमारे २२० किलोची दोन यानं ४७५ किलोमीटर उंचीवर सोडली. जोडणी ७ जानेवारीला ठरली, मग ९ ला. तीही पुढे गेली, कारण जवळ आणताना यानं अपेक्षेपेक्षा जास्त सरकली. १२ तारखेला ती १५ मीटरवर आली, एकमेकांचे फोटो काढले, मग ३ मीटरपर्यंत सरकली. आणि तिथून मुद्दाम मागे घेतली! सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हेच सगळ्यात आवडलं. नवा कोड चालू करण्याआधी परत कसं फिरायचं, ते आम्हीही आधी तपासतो. सगळा देश टीव्हीसमोर बसलेला असताना थांबायला मात्र धीर लागतो.

१६ जानेवारीला यानं जोडली गेली, १३ मार्चला सुटीही झाली. चंद्राची माती आणायला निघणाऱ्या चांद्रयान-४ ला हीच जोडणी लागणार आहे.